उपकेंद्रातली सिस्टर, पडद्यावरचे डॉक्टर आणि गोळी बदलण्याचा अधिकार

शेवंती
नर्सिंग कॉलेजात शिकवते. माझ्या बऱ्याच विद्यार्थिनी आता आरोग्य उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ म्हणून काम करतात. त्यांच्याशी बोलताना एकच विषय पुन्हा पुन्हा निघतो, म्हणून हा धागा.

ई-संजीवनी बहुतेकांनी ऐकली असेल. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मोहाली केंद्राने बनवलेली ही ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनच्या काळात, घरबसल्या ओपीडीही आली. पण गावांत ती चालते ती उपकेंद्रातूनच. रुग्ण सीएचओसमोर बसतो, ती टॅबवरून 'हब'मधल्या, म्हणजे मोठ्या केंद्रावरच्या डॉक्टरांना जोडून देते, डॉक्टर चार प्रश्न विचारतात आणि चिठ्ठी येते.

माझं मत स्पष्ट आहे. या सगळ्यात आपण पडद्यापलीकडच्या डॉक्टरांचा विचार केला, रुग्णाशेजारी बसलेल्या नर्सचा केला नाही. अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून नर्स प्रॅक्टिशनरचं (एनपी) शिक्षण सुरू केलं. आज तिथल्या निम्म्याहून जास्त राज्यांत एनपी स्वतः तपासतात, निदान करतात, औषध लिहितात, आणि हे सगळं व्हिडिओवरूनही करतात. आपल्या नर्सिंग परिषदेने क्रिटिकल केअरसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला, मिडवायफरीसाठी, म्हणजे बाळंतपणाच्या सेवेसाठीही पाऊल उचललं. गावातल्या रोजच्या आजारांसाठी मात्र तसं काही नाही.

अनुभवी आणि जादा शिक्षण घेतलेल्या नर्सला टेलिमेडिसिनच्या जोडीने थोडं निदान करण्याचा, औषध बदलण्याचा अधिकार द्यावा का? द्यायचा तर कुठपर्यंत? काम करणारे आणि रुग्ण, दोघांनीही लिहा.

चहाबाज
चांगला विषय. वाचतोय.

मोरपंख
मी उत्तर ॲरिझोनात फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आहे. नर्सिंग नागपूरला केलं, बाकीचं इकडे. माझे निम्मे रुग्ण व्हिडिओवर असतात, कारण दवाखाना गाठायचा तर त्यांना दोन-तीन तास गाडी हाकावी लागते. त्यात नावाहो या आदिवासी जमातीच्या वस्तीतली बरीच म्हातारी माणसं आहेत.

कॉल जोडला की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. "तुम्ही आत्ता नेमके कुठे आहात?" हे विचारते. त्याला दोन कारणं आहेत. बोलता बोलता कोणी कोसळलं तर ॲम्ब्युलन्स कुठे पाठवायची हे मला माहीत हवं. दुसरं कारण कायद्याचं. रुग्ण ज्या राज्यात बसलाय तिथला परवाना माझ्याकडे हवा. माणूस सामान आणायला न्यू मेक्सिकोत गेला असेल आणि पार्किंगमधून बोलत असेल, तर तिथला परवाना नसताना मला तो कॉल पुढे नेता येत नाही. साध्या आरएनसाठी (नोंदणीकृत नर्ससाठी) बऱ्याच राज्यांचा सामायिक परवाना आहे, आम्हा एनपींसाठी तसा नाही.

नंतर घरातली सगळी औषधं टेबलावर मांडायला सांगते आणि एकेक बाटली कॅमेऱ्यासमोर धरायला लावते. बीपीची तीच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी दोन बाटल्यांत निघणं हे नेहमीचं आहे. दवाखान्यात आलेला माणूस "सगळं घेतो हो" म्हणून मोकळा होतो. घरातला व्हिडिओ इथे प्रत्यक्ष भेटीपेक्षा जास्त सांगून जातो.

बीपी, मधुमेह, थायरॉइड, दमा, नैराश्य यांची औषधं मी सुरू करते, वाढवते, बंद करते. कोणाच्या सहीची वाट बघत नाही. टेक्सासमधल्या माझ्या मैत्रिणीला मात्र त्याच शिक्षणावर डॉक्टरांशी लेखी करार करावा लागतो. मेडिकेअर हा इथला सरकारी आरोग्य विमाही आम्हाला डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्केच देतं. तेव्हा इकडे सगळं मिटलंय असं समजू नका.

डॉ_करवंद
तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे, जिल्हा रुग्णालयासाठी हबवरही बसतो. शेवंतीताईंच्या भावनेचा आदर ठेवून स्पष्ट विरोध नोंदवतो.

औषध लिहिणं सोपं असतं. कठीण काय, तर समोरचा आजार साधा दिसत असताना तो साधा नाही हे ओळखणं. मधुमेहाचा पन्नाशीतला रुग्ण "ॲसिडिटी झालीय" म्हणत येतो आणि ईसीजीत हार्ट अटॅक निघतो. अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना पँटोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवणारे डॉक्टरसुद्धा पाहिले आहेत. मग सीएचओंच्या सहा महिन्यांच्या ब्रिज कोर्सवर हा अधिकार द्यायचा?

अमेरिकेतल्या एनपीला किमान ७५० तासांचा प्रत्यक्ष रुग्णांचा अनुभव लागतो असं वाचलंय. आमच्या इंटर्नशिपचे काही महिने त्यापेक्षा जास्त भरतात. शिवाय आपल्याकडे अँटिबायोटिकची जी उधळण चालली आहे, तीत आणखी हात कशाला?

मोरपंख
@डॉ_करवंद, ७५० तास हे एनपीच्या शिक्षणातले. ते आरएनच्या पदवीवर, आणि बहुतेकींच्या बाबतीत वॉर्डातल्या काही वर्षांच्या नोकरीवर येतात. मी आयसीयूत रात्रपाळ्या करून मग इकडे वळले. पण तुमचा मूळ मुद्दा मान्य आहे. "हे माझ्या आवाक्यातलं नाही" हे ओळखणं हाच आमच्या शिक्षणाचा मोठा भाग असतो. छातीत जळजळ आणि मधुमेह एकत्र दिसले की मी व्हिडिओ तिथेच थांबवते आणि थेट इमर्जन्सीला पाठवते.

सातपुडा
मेळघाटात सीएचओ आहे. बीएस्सी नर्सिंग, मग सहा महिन्यांचा कोर्स. मोबाइलवरून लिहितेय, चुका समजून घ्या.

आमच्याकडे काय होतं ते सांगते. आठ-नऊ महिन्यांचं बाळ, खोकला, ताप. आई कोरकू बोलते. डॉक्टर मराठी-हिंदी बोलतात. मधे आशाताई. मी बाळाचा शर्ट वर करून छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. अर्ध्या मिनिटाची दुप्पट नाही करायची, पूर्ण मिनिट मोजायचं. बाळ रडत असेल तर आधी पाजायला लावायचं, शांत झालं की मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० आणि वर, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० आणि वर, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० आणि वर म्हणजे जलद श्वास. छाती आत ओढली जातेय का तेही बघायचं.

हे पडद्यावरून होत नाही. रेंज गेली की चित्र थिजतं, आणि थिजलेल्या चित्रात श्वास कसे मोजणार? डॉक्टर मलाच विचारतात, "सिस्टर, किती भरले?" मी सांगते ५४. ते म्हणतात अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) द्या. म्हणजे बघितलं मी, मोजलं मी, हिशेब ठरलेला. त्यांनी माझ्या आकड्यावर शिक्का मारला. मोठ्या माणसाच्या पायावर सूज असेल तर नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते मीच बघते. डोळ्यांची पापणी खाली ओढून पांढरी आहे का तेही मीच. ट्यूबलाइटखाली कॅमेरा सगळंच पांढरं दाखवतो.

डॉक्टर नकोत असं मी कधीच म्हणणार नाही. रात्री-अपरात्री एखादा डॉक्टर फोनवर आहे एवढ्यानेच हिंमत येते. पण बीपीच्या जुन्या रुग्णाचा आकडा तीन महिने १५० च्या वर आहे, तो ५ ची ॲम्लोडिपिन नीट घेतोय, आणि ती १० ची करायला मला हबच्या रांगेत बसावं लागतं. तोवर म्हातारा उठून निघून जातो. त्याला शेतावर जायचं असतं.

अनवट_वाट
सातपुडा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. असं लिहीत राहा.

चहाबाज
आमच्या आजीचा पहिला व्हिडिओ कॉल उपकेंद्रातूनच झाला. तिने डोक्यावर पदर घेतला, टॅबला नमस्कार केला आणि डॉक्टरांना आधी विचारलं, "जेवलात का?" ते हो म्हणाले तेव्हाच गुडघ्याचं दुखणं सांगितलं. सिस्टर हसून हसून दमल्या. :हाहा:

मोरपंख
@चहाबाज :स्मित: आमच्याकडे कुत्रा दाखवल्याशिवाय बीपीचा आकडा मिळत नाही.

केबलवाला
नेटवर्कच्या धंद्यात आहे म्हणून अवांतर. दुर्गम जागी थेट व्हिडिओचा हट्ट सोडावा. जखमेचा फोटो, ईसीजीचा कागद, त्वचेवरच्या चट्ट्याचा नीट उजेडातला फोटो आधी पाठवायचा आणि मग आवाजावर बोलायचं. अर्धी बँडविड्थसुद्धा लागत नाही. पण तेव्हा फोटो काय काढायचा, काय विचारायचं हे इकडच्या माणसाला कळायला हवं. म्हणजे पुन्हा सिस्टरच.

कलमबहाद्दर
कायद्याची बाजू थोडक्यात. २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं औषधांच्या याद्या करतात. ओ यादीतली औषधं कोणत्याही माध्यमातून सांगता येतात. ए यादीतली पहिल्यांदा लिहायची तर व्हिडिओ लागतो, नाहीतर जुन्या चिठ्ठीची पुनर्भरणी (रिफिल). बी यादी फक्त आधी प्रत्यक्ष पाहिलेल्या रुग्णाच्या पुढच्या भेटीत. शेड्यूल एक्स (कडक नियंत्रणातली) आणि अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं टेलिमेडिसिनवर लिहायचीच नाहीत. आरोग्य कर्मचारी सोबत असण्याची सोयही त्यात आहे, पण लिहिणारा मात्र नोंदणीकृत डॉक्टरच.

आता दुसरा मुद्दा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९. त्याच्या कलम ३२ मध्ये 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर'ला मर्यादित परवाना द्यायची तरतूद आहे. प्राथमिक आणि प्रतिबंधक सेवेत ठरावीक औषधं त्याने स्वतः लिहावीत, बाकी देखरेखीखाली. याच कलमावरून तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने देशभर आंदोलन केलं होतं. २०२३ मध्ये १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा आला. दार किलकिलं आहे, पण आत कोण, कसं जाणार हे अजून कोणी लिहून ठेवलेलं नाही.

डॉ_करवंद
कलम ३२ ला मीही विरोध केला होता आणि आजही करीन. खेड्यातल्या माणसाला कमी शिकलेला वैद्य आणि शहरातल्याला तज्ज्ञ, ही वाटणी मला मान्य नाही. गरिबाला दुय्यम दर्जाची सेवा कायद्यानेच मिळणार असेल, तर ते मी निमूटपणे स्वीकारणार नाही.

अनवट_वाट
डॉक्टर, दुय्यमच असतं असं नाही. न्यू मेक्सिकोतलं उदाहरण घ्या. अल्बुकर्कीच्या विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये प्रोजेक्ट एको सुरू केला. हेपटायटिस सीचे रुग्ण राज्यभर आणि तज्ज्ञ मोजके. अरोरांनी रुग्णांना पडद्यावर आणलं नाही. गावोगावचे डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर आणि इतर आरोग्य कर्मचारी दर आठवड्याला पडद्यावर जमायचे, आपापले रुग्ण मांडायचे आणि तज्ज्ञांकडून शिकायचे. २०११ मध्ये निकाल छापून आले. विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के बरे झाले, गावांतल्या केंद्रांवर ५८.२ टक्के. बंगळुरूच्या निम्हान्सनेही पुढे मानसिक आरोग्यासाठी हीच पद्धत उचलली.

मला यातली दिशा महत्त्वाची वाटते. आपण प्रत्येक रुग्णासाठी डॉक्टर पडद्यावर आणतो. त्याऐवजी आठवड्यातून दोन तास सीएचओंना डॉक्टरांसमोर बसवलं, तर वर्षभरात त्यांचा हात किती तयार होईल?

गटप्रवर्तक_ताई
मी आशांची गटप्रवर्तक आहे. तुम्ही सगळे बीपी-शुगरवर बोलताय, मी बायांचं सांगते. अंगावरून पांढरं जाणं, मायांग बाहेर येणं, पाळीचा त्रास. हे पडद्यावरच्या अनोळखी पुरुषाला कोणती बाई सांगेल? आमच्या एका उपकेंद्रात टॅब ठेवलाय त्या खोलीला दार नाही, पडदा आहे. बाहेर रांगेत सासू बसलेली. बाई खाली बघून "कंबर दुखते" एवढंच म्हणते. कॉल संपला की सिस्टरच्या मागे मागे आतल्या खोलीत जाते आणि तिथे खरं सांगते.

सिस्टरला अधिकार द्या की नका देऊ, ते तुम्ही ठरवा. पण त्या खोलीला दार द्या.

शेवंती
ताई, तुमचं हे वाक्य मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

उत्तरध्रुव
स्वीडनमधून. इथे ११७७ नंबर फिरवला की फोनवर नर्सच येते, चोवीस तास. मुलाला ताप आला तेव्हा तिने वय विचारलं, लघवी होतेय का, मान वळवतोय का, अंगावर पुरळ आहे का आणि काचेचा पेला दाबल्यावर ते नाहीसं होतं का हे विचारलं. मग म्हणाली, आज घरीच राहा, अमुक झालं तर लगेच या. सुरुवातीला आम्हा दोघांनाही डॉक्टर न भेटल्याचा राग आला होता. आता आम्हीही आधी तिथेच फोन करतो.

मालवणी_माणूस
आमच्या सिंधुदुर्गात उच्च रक्तदाबाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या शेवटी सुरू झाला, त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत आम्ही होतो. सातारा, वर्धा, भंडाराही. ठरलेल्या पायऱ्या, ठरलेली गोळी, महिन्याची औषधं एकदम. बाबांची गोळी आता गावातच मिळते. आधी एसटीने जाऊन दिवस मोडायचा, म्हणून मधले मधले महिने ते गोळी सोडून द्यायचे. गोळी कोणी लिहिली यापेक्षा ती घराजवळ मिळाली, यानेच बीपी खाली आलं असं मला वाटतं.

डॉ_करवंद
@मालवणी_माणूस, हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. औषध मधेच सुटणं हेच बीपीचं मुख्य दुखणं.

बेहडा
बीएएमएस आहे, सीएचओ म्हणून काम करतो. महाराष्ट्रात या पदावर आम्हीही आहोत हे कोणी लिहिलं नाही म्हणून नोंद. धागा "नर्सला अधिकार" असा का? पद एकच, काम एकच. उद्या नर्सना औषधाचा अधिकार मिळाला तर आम्हाला वेगळा न्याय लावणार का?

आणि एक गाऱ्हाणं. कामगिरीवर मिळणाऱ्या पैशात टेलिकन्सल्टेशनचा आकडा धरतात. मग महिनाअखेरीस सर्दी-खोकल्याचेही कॉल लावले जातात. त्यामुळे रांग वाढते, आणि खरी गरज असलेला रुग्ण मागे पडतो.

सातपुडा
@बेहडा सर, दुसरा मुद्दा अगदी खरा. आमच्याकडेही तेच. पहिल्यावर मला भांडायचं नाही. ज्याने शिक्षण आणि परीक्षा पार केली, त्याला द्या.

अनवट_वाट
गडचिरोलीचा उल्लेख अजून आला नाही याचं आश्चर्य वाटतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळं तपासायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखायचा आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शनही द्यायचं. तेव्हा केवढी टीका झाली होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०१४ मध्ये केंद्र सरकारनेच ठरावीक परिस्थितीत एएनएमना (उपकेंद्रातल्या सहायक परिचारिकांना) जेंटामायसिन द्यायला परवानगी दिली.

म्हणजे आज एएनएम तान्ह्या बाळाला जेंटामायसिन देऊ शकते, आणि पदवीधर सीएचओ म्हाताऱ्याची ॲम्लोडिपिन ५ ची १० करू शकत नाही. डॉ_करवंद, याचं वैद्यकीय कारण तुम्ही सांगाल का?

डॉ_करवंद
दोन दिवस विचार करून लिहितोय.

वैद्यकीय कारण नाही. जेंटामायसिनच्या वेळी लक्षणांची यादी पक्की होती, डोस वजनावर बांधलेला होता, प्रत्येक बाळाची नोंद होती आणि वर कोणीतरी ती तपासत होतं. बीपीच्या बाबतीतही हे सगळं शक्य आहे. तेव्हा माझी भूमिका नेमकी करतो. नवीन निदान, छातीचं-पोटाचं दुखणं, गरोदरपणातलं बीपी, लहान मुलांची अँटिबायोटिक्स (ठरलेल्या न्यूमोनियाच्या नियमापलीकडची) हे डॉक्टरांकडेच राहावं. निदान झालेल्या बीपी, मधुमेह, दम्याच्या रुग्णाचा डोस छापील पायऱ्यांनुसार एक पायरी वर-खाली करणं, एवढं प्रशिक्षित सीएचओने करावं. पण दर आठवड्याला बदललेल्या डोसांची यादी हबच्या डॉक्टरांनी बघितलीच पाहिजे, आणि किडनीची तपासणी वेळेवर झाली पाहिजे. त्याशिवाय माझा होकार नाही.

बाकी मला येणाऱ्या कॉलमधले बरेचसे अशा पुनर्भरणीचेच असतात हेही खरं. ते कमी झाले तर सातपुडा यांच्या त्या ५४ श्वासांच्या बाळासाठी मी लगेच मोकळा असेन.

कलमबहाद्दर
आणि चूक झाली तर जबाबदार कोण? हे आधी लिहून घ्या. नाहीतर अधिकार सिस्टरचा, नोटीस सिस्टरला आणि वकील कोणाचाच नाही, असं व्हायचं.

मोरपंख
@कलमबहाद्दर, हे सगळ्यात आधी. इकडे माझा स्वतःचा व्यावसायिक विमा आहे. अधिकार स्वतःचा तर दायित्वही स्वतःचं. पण ते पेलता येईल असं संरक्षण पण हवं. ऑस्ट्रेलियातही नर्स प्रॅक्टिशनरच्या सेवेला २०१० पासून तिथल्या सरकारी विम्यातून, मेडिकेअरमधून, पैसे मिळतात, आणि डॉक्टरांशी कराराची अट नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाली. म्हणजे तिथेही विश्वास बसायला चौदा वर्षं गेली.

शेवंती
एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, विशेषतः डॉ_करवंद यांचे. माझा प्रश्न आता बराच नेमका झालाय. @सातपुडा, डॉक्टरांनी लिहिलेली ही मर्यादा तुला पटते का? तू आहेस तिथे ती चालेल?

सातपुडा
पटते मॅडम. गरोदर बायांचं बीपी तर माझ्याकडे नकोच, ते बघून माझेच हात थंड पडतात. आठवड्याची यादीही चालेल. आधीच रजिस्टरमध्ये लिहिते, तेच टॅबवर टाकीन. किडनीच्या तपासणीचं अवघड आहे. रक्ताचा नमुना इथून खाली जायला गाडी ठरलेल्या दिवशीच येते, पावसाळ्यात तीही चुकते. तेवढं डॉक्टरसाहेबांनी जिल्ह्याला बोलावं. आमच्या बोलण्याने गाडी येत नाही.

डॉ_करवंद
सोमवारी बोलतो. तुमच्या पीएचसीचं (प्राथमिक आरोग्य केंद्राचं) नाव व्यनि, म्हणजे खासगी निरोपातून, कळवा.